बावीस हजार चारशे नव्व्याण्णव

तिकिटं छापायच्या त्या छापखान्यात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला बाकीमावशी म्हणत. कारण साधं होतं. कुठलाही आकडा डोळ्यांसमोर आला की ही बाई मनातल्या मनात त्याला भागायला बसायची आणि बाकी किती उरली ते न विचारता सांगायची. कुणी नवी गाडी घेतली की लोक रंग बघतात, गादी दाबून बघतात. ही नंबराची पाटी बघून म्हणणार, "तेराने पूर्ण भाग जातो हो! छान आहे गाडी." कुणी घर बदललं की हिचं लक्ष दारावरच्या आकड्याकडे. एकदा एका सहकारणीच्या मुलीचं लग्न ठरलं, तर हिने तारीख, महिना, वर्ष एकापुढे एक लिहून त्याला सतराने भागलं आणि बाकी उरली म्हणून तोंड वाकडं केलं. ती सहकारीण दोन महिने हिच्याशी बोलत नव्हती. बरोबरच होतं तिचं, मी असतो तर मीही बोललो नसतो.

हे खूळ तिला बापाकडून मिळालं. बाप फरशा बसवायचा. सुट्टीच्या दिवशी ही त्याच्याबरोबर जायची, फरशा उचलून हातात द्यायची, आणि तो काम सुरू करण्याआधी हिला विचारायचा, "इतक्या फरशा आहेत. एकही न उरवता भरीव चौकट होईल का? किती ओळी, आणि एका ओळीत किती?" एक्क्याण्णव फरशा असल्या की ही आधी म्हणायची, नाही होणार. मग बाप हसायचा. "सात ओळी तेरा-तेराच्या. आकडा दिसायला हट्टी आहे, पण हट्टी नाही." जो आकडा कशाही ओळी लावल्या तरी चौकटीत बसत नाही, एकाच लांबलचक ओळीत उभा राहतो, त्याला तो हट्टी आकडा म्हणायचा. सात हट्टी, तेरा हट्टी, सत्त्याण्णव हट्टी. आकडा खरंच हट्टी आहे का हे ठरवायची त्याची एक रीत होती. दोनच्या ओळी लावून बघायच्या, तीनच्या, पाचच्या, सातच्या, असं वाढवत जायचं. लांबी आणि रुंदी सारखी व्हायला आली की थांबायचं. त्याच्या पुढे बघायचं कारण नाही. पण त्याच्या आधी थांबायचं नाही, म्हणजे नाही. "आळशी माणूस मधेच थांबतो आणि आकड्याला हट्टी म्हणून मोकळा होतो," असं तो म्हणायचा.

बापाचे गुडघे गेले तेव्हा हिची शाळा आठवीत सुटली. एकोणिसाव्या वर्षी ती छापखान्यात लागली, शिवणकाम करणाऱ्या एका मऊ स्वभावाच्या माणसाशी लग्न केलं, आणि गेली चोवीस वर्षं ती दोन नंबरच्या यंत्रावर बसत होती. यंत्र बसच्या तिकिटांची लांब पट्टी छापायचं. प्रत्येक तिकिटावर पुढचा आकडा. बाकीमावशीचं काम म्हणजे ती पट्टी हाताने गुंडाळून हजार-हजार तिकिटांचे रोल करायचे, पहिला आणि शेवटचा आकडा तपासायचा, आणि वर आपली चिठ्ठी चिकटवायची. दिवसाला बावीस-तेवीस रोल व्हायचे. चोवीस वर्षांत तिच्या चिठ्ठीचा रोल कधी परत आला नव्हता, आणि हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायचीच. स्वभाव तसाच होता. नाकावर राग, जिभेवर उत्तर.

तर एका बुधवारी बसकंपनीकडून पाच तिकिटं परत आली. पाचही तिकिटांवर आकडा दोनदा छापल्यासारखा, एकावर एक सरकलेला. बसमधल्या तपासनिसाने तिकीट खोटं म्हणून एका म्हाताऱ्याला खाली उतरवलं होतं, आणि त्या म्हाताऱ्याने कंपनीचं डोकं खाल्लं होतं. पाचही तिकिटं दोन नंबरच्या यंत्राची. पाचही रोलांवर चिठ्ठी बाकीमावशीची.

छापखान्यात आठ महिन्यांपूर्वी नवे साहेब आले होते. माणूस तसा वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्टीचं उत्तर दुपारच्या चहाच्या आत हवं असायचं. चहाच्या सुट्टीत सगळे जमलेले असताना त्यांनी एक कागद काढला आणि उभ्या उभ्या वाचून दाखवला. "माझ्या निष्काळजीपणामुळे, शाई ओली असताना पट्टीला हिसका बसल्याने, तिकिटं खराब झाली. ही चूक सर्वस्वी माझी आहे." खाली सहीसाठी जागा सोडलेली.

"शनिवारी सकाळपर्यंत सही करा," साहेब म्हणाले. "सही केलीत तर पॅकिंगला बसवू. नाही केलीत तर सोमवारपासून येऊ नका. आणि तोवर दोन नंबरच्या यंत्राला हात लावायचा नाही."

वीस-बावीस माणसं हातात कप धरून उभी होती. बाकीमावशीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"शनिवारपर्यंत कशाला? आत्ताच सांगते. सही करणार नाही."

"मग ही तिकिटं कुणी खराब केली?"

"ते तुम्ही शोधायचं. साहेब तुम्ही आहात."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि साहेबांचा चेहरा कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा झाला. त्यांनी पाच तिकिटं टेबलावर आपटली. मावशीने ती उचलली नाहीत, नुसती वाकून वाचली. तेवढं तिला पुरे होतं. घरी जाताना चालता चालता ते पाच आकडे ती म्हणत गेली, आणि घरी पोचल्यावर आधी वहीत उतरवले, मग चपला काढल्या.

३,१८,२०७. ३,४०,७०६. ४,०८,२०३. ४,३०,७०२. ५,२०,६९८.

मोठ्यातून लहान वजा करायला कितीसा वेळ लागतो? पहिल्या दोघांत अंतर बावीस हजार चारशे नव्व्याण्णव. पुढचं अंतर त्याच्या बरोबर तिप्पट. त्याच्या पुढचं पुन्हा बावीस हजार चारशे नव्व्याण्णव. शेवटचं चौपट. एका तिकिटाचाही फरक नाही. मधली काही खराब तिकिटं लोकांनी न बघता खिशात घातली असणार, टाकून दिली असणार. पण खराबी येत होती ती नेमाने, दर बावीस हजार चारशे नव्व्याण्णवाव्या तिकिटाला. मावशी वहीकडे बघत बसली आणि मग इतक्या मोठ्याने "अगं बाई!" म्हणाली की आतल्या खोलीत नवऱ्याच्या शिलाई मशीनचा धागा तुटला.

गुरुवारी सकाळी ती वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. फोरमनही तिथेच होता. फोरमन म्हणजे यंत्रांची सगळी जबाबदारी ज्याच्यावर तो, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. मावशी यंत्राजवळ नको म्हणून कालपासून दोन नंबरवर रोल गुंडाळायला तोच बसत होता आणि त्याची पाठ धरली होती.

"ही खराबी यंत्राची आहे," मावशी म्हणाली. "ठरावीक अंतराने येते. मोजून."

साहेबांनी वही बघितली. मान्य करावं लागेल, माणसाने नीट बघितली. मग कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि दोन, तीन, पाच, सात करत भाग द्यायला सुरुवात केली. सातला एक उरला. अकराला चार. सतराला आठ. पाच-सात मिनिटं नुसती बटणं वाजत होती. शेवटी त्यांनी शंभरापर्यंत मजल मारली आणि मागे टेकले.

"कशानेच भाग जात नाही. यंत्रात दहा दातांचं चाक आहे, बारा दातांचं आहे, चाळीस दातांचं आहे. त्यांची चूक असती तर ह्या आकड्याला दहाने, बाराने, चाळीसने भाग गेला असता. काय हो फोरमन?"

"बरोबर," फोरमन म्हणाला. "एक दात पुढे, एक तिकीट पुढे, असं आहे ते यंत्र. सगळ्यांत मोठी म्हणजे झाकणाखालची दीडशेची जोडी. दोन्ही दीडशे-दीडशे दातांची. त्यात काही बिघडलं तर दर दीडशे तिकिटांना दिसेल. बावीस हजारांना नाही."

"म्हणजे यंत्र सुटलं," साहेब म्हणाले. "आता मी विचारतो. दिवसाला तुमचे रोल किती?"

"बावीस. कधी तेवीस."

"म्हणजे बावीस-साडेबावीस हजार तिकिटं. म्हणजे दिवसातून एकदा." साहेब गालात हसले. "दिवसातून एकदा तुम्हाला डुलकी लागते, बाई."

आता खरं सांगायचं तर दिसायला मुद्दा चोख होता. मावशीने वही साहेबांच्या पुढ्यात आणखी सरकवली.

"डुलकी मोजून घेतं का हो कुणी? चारशे नव्व्याण्णव म्हणजे चारशे नव्व्याण्णव! एकदा पाचशे नाही, एकदा चारशे ऐंशी नाही. माझ्या डुलकीला काय दात आहेत?"

"शनिवारी सकाळी," साहेब म्हणाले आणि कॅल्क्युलेटर खणात ठेवला.

त्या संध्याकाळी घरात वही उघडी, पेन्सिल टोकदार, आणि मावशी जमिनीवर मांडी घालून बसलेली. नवरा शेजारीच कुणाच्या तरी शर्टाला काजं करत होता. मऊ माणूस. भांडण ऐकलं तरी तो खिडकी लावून घ्यायचा.

"अगं, कर की सही. पॅकिंगमध्ये बसून काम. पायांना आराम."

"मी झोपले नव्हते."

"मला का ठाऊक नाही? तू घरात झोपत नाहीस, तिथे कुठली झोपतेस. पण नोकरी गेली तर? ह्या वयात कुठे दारं ठोठावणार तू?"

"अहो, तो कागद ते भिंतीवर लावणार. येणारा-जाणारा वाचणार. चोवीस वर्षं मी ताठ मानेने आत जाते, ती आता खाली घालून जाऊ? मला नाही जमायचं. तुम्ही काजं करा."

नवऱ्याने काजं केली. मावशीने भागाकार केले. साहेब शंभरावर थांबले होते, पण बावीस हजार चारशे नव्व्याण्णवाची लांबी आणि रुंदी सारखी व्हायला जवळजवळ दीडशेपर्यंत जायला हवं होतं. बापाने शिकवलेलं असं मधे सोडून चालणार नव्हतं. कॅल्क्युलेटर नव्हता, आणि असता तरी तिने घेतला नसता, तिला तो उर्मट वाटायचा. शिवाय साहेबांच्या बटणांवरही तिचा विश्वास नव्हता, म्हणून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. मात्र फक्त हट्टी आकड्यांनी भागायचं, कारण हट्टी आकड्यांनी गेला नाही तर बाकीच्यांनी जायचाच नाही. सत्त्याण्णवला ब्याण्णव उरले. एकशे एकला सत्त्याहत्तर. एकशे तेराला बारा. एकशे सत्तावीसला वीस. पान संपलं, दुसरं संपलं. चूल थंड होती आणि नवऱ्याला भूक लागली होती, पण विचारायची त्याची छाती होत नव्हती.

एकशे सदतीसला एकतीस. एकशे एकोणचाळीसला एकशे वीस.

"झालं?" नवरा हळूच म्हणाला. "नाही ना जात? अगं, असतो एखादा आकडा हट्टी. तुझे बाबाच म्हणायचे ना?"

"अजून एक आहे."

"तू पण ना, त्या आकड्याहून हट्टी आहेस."

मावशीने एकशे एकोणपन्नास लिहिले. दोनशे चोवीसात एकदा, उरले पंचाहत्तर. वरचा नऊ खाली घेतला. सातशे एकोणसाठात पाचदा, उरले चौदा. शेवटचा नऊ खाली घेतला आणि तिची पेन्सिल थांबली. समोर एकशे एकोणपन्नास उभे होते. एकशे एकोणपन्नासात एकशे एकोणपन्नास एकदा, आणि खाली शून्य.

तिने सगळा भागाकार पुन्हा केला. पुन्हा शून्य. एकशे एकोणपन्नास गुणिले एकशे एक्कावन्न. जिथे थांबायचं, अगदी तिथेच तो आकडा लपून बसला होता, आणि एक पाऊल आधी थांबणाऱ्याला तो आयुष्यभर हट्टीच वाटला असता. मग तिने कपाळावर हात मारून घेतला, चांगला चटका बसेल असा.

"मूर्ख आहे मी! अहो, दीडशे गुणिले दीडशे किती?"

"साडेबावीस हजार."

"आणि हा किती? त्याला एक कमी! मी इथे दोन पानं खरडत बसलेय, आणि उत्तर नाकासमोर. तुमचा बटणांचा डबा द्या इकडे."

तिने जमिनीवर पाच ओळींत पाच-पाच बटणं लावली. कोपऱ्यातलं एक उचलून नवऱ्याच्या हातावर ठेवलं. शेवटच्या ओळीत चार उरली. ती चार उचलून तिने वरच्या चार ओळींच्या टोकाला एकेक लावली. चार ओळी, प्रत्येकीत सहा. एकही बटण वाया नाही.

नवरा वाकून बघत राहिला. "म्हणजे पाचातला एक इकडे कमी झाला, आणि तिकडे एक वाढला. आणि हे दीडशेलाही चालतं?"

"कितीलाही चालतं. भरीव चौरसातून एक काढा, चौकट ही होणारच." आणि मग ती एकदम नवऱ्याकडे वळली. बटणं तशीच पडली होती. "अहो, ते दीडशेची जोडी म्हणतात. चोवीस वर्षं ऐकतेय मी. पण ते दात कुणी मोजलेत का?"

विचार करा. दोन्ही चाकं दीडशेची असतील तर रोज तेच दात त्याच दातांना भेटणार, आणि खराबी दर दीडशे तिकिटांना. पण एक एकशे एकोणपन्नासचं आणि दुसरं एकशे एक्कावन्नचं असेल तर? मग एका चाकाचा एखादा दोष असलेला दात आणि दुसऱ्याची एखादी दोष असलेली खाच एकदा समोरासमोर आली की पुन्हा भेटायला बरोबर बावीस हजार चारशे नव्व्याण्णव दात जावे लागतात. त्याच्या आधी नाही, त्याच्या नंतर नाही. यंत्र बनवणाऱ्याने हे मुद्दाम केलं असणार, म्हणजे तेच तेच दात एकमेकांवर घासून झिजू नयेत. शहाणा माणूस असला पाहिजे. पुढे ती चाकं बघणाऱ्यांना दोन्ही सारखीच दिसली, कुणीतरी ढोबळमानाने दीडशेची जोडी म्हणालं, आणि तेव्हापासून सगळे तेच म्हणत आले.

शुक्रवारी तिने फोरमनला गाठलं. "भाऊ, झाकण काढून दात मोजा. एका चाकाला एकशे एकोणपन्नास आहेत, दुसऱ्याला एकशे एक्कावन्न."

फोरमन असा काही भडकला की बस. "बावीस वर्षं त्या चाकांना तेल घालतोय मी! माझ्या हातांना ठाऊक आहेत ती. दीडशेची जोडी आहे, माझ्या आधीचा फोरमन म्हणायचा, त्याच्या आधीचा म्हणायचा."

"म्हणायचे सगळे. मोजले कुणी?"

"झाकण साहेबांच्या हुकुमाशिवाय निघत नाही," फोरमन म्हणाला आणि तरातरा निघून गेला. पण जेवणाच्या सुट्टीत तो त्या झाकणाच्या जाळीतून आत डोकावत उभा होता, हे दोघा-तिघांनी बघितलं.

शनिवारी सकाळी साहेब कागद आणि पेन घेऊन खाली आले. सगळे आपापल्या जागी उभे होते, पण काम कुणाचंच चालू नव्हतं. दोन नंबरच्या यंत्रावर फोरमन गुंडाळायला बसला होता.

"बाई, सही?"

"आधी हे यंत्र चालवा," मावशी म्हणाली. "आकडा आत्ता सहा लाख पंचावन्न हजार दोनशेवर आहे. मी बघितलं. सहा लाख पंचावन्न हजार सहाशे ब्याण्णव नंबरचं तिकीट खराब येईल. त्याच्या आधीचं चांगलं असेल, पुढचं चांगलं असेल. दहा मिनिटांचं काम आहे. बुधवारपासून माझा हात ह्या पट्टीला लागलेला नाही. लागला असेल तर ह्या भाऊंचा."

"मला ह्यात कशाला ओढता?" फोरमन दचकून म्हणाला.

"आणि नाही आलं खराब तर?" साहेबांनी विचारलं.

"तर सही करते. आणि सोमवारपासून येणारही नाही, ते वेगळं."

तिचा नवरा तिथे असता तर त्याला भोवळ आली असती. मावशीने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि यंत्रापासून चार पावलं दूर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. भागाकार चुकला नव्हता हे तिला ठाऊक होतं, पण मनातल्या मनात ती तो पुन्हा करत होती. यंत्र सुरू झालं. टक, टक, टक. फोरमन एकेक तिकीट बोटांखालून सोडत होता आणि साहेब त्याच्या खांद्यावरून वाकून वाचत होते. पाचशे. साडेपाचशे. सहाशे. बाकीचे लोक एकेक करून जवळ सरकले. सहाशे ऐंशीनंतर फोरमन मोठ्याने म्हणायला लागला.

"सहाशे नव्वद. नीट. सहाशे एक्क्याण्णव. नीट."

यंत्रातून एक आवाज आला, अगदी बारीक, दाराची कडी हलावी तसा. फोरमनने पट्टी पुढे सरकवली आणि बोट तिथेच दाबून धरलं. साहेबांनी तिकीट हातात धरलं. सहाशे ब्याण्णव दोनदा छापला होता, एकावर एक, सरकलेला.

"सहाशे त्र्याण्णव बघा," भिंतीजवळून मावशी म्हणाली.

सहाशे त्र्याण्णव स्वच्छ होतं.

"बापरे," कुणीतरी म्हणालं. साहेबांनी घसा साफ केला आणि योगायोग हा शब्द अर्धाच उच्चारला. कारण फोरमन उठला होता आणि कुणाचा हुकूम न विचारता यंत्र बंद करून झाकणाचे बोल्ट काढायला लागला होता. त्याने एका दातावर खडूची खूण केली आणि बोट ठेवून मोजत निघाला. त्याचं पुटपुटणं सगळ्यांना ऐकू येत होतं. खुणेपाशी परत आला तेव्हा तो एकशे एकोणपन्नासवर होता. त्याने पुन्हा मोजलं. मग दुसरं चाक मोजलं, आणि मोजून झाल्यावर तिथेच उकिडवा बसला.

"एकशे एक्कावन्न," तो म्हणाला. "मावशी, बावीस वर्षं मी तेल घालतोय हो ह्यांना."

पहिल्या चाकाच्या एका दाताला बारीकसा फुगवटा होता. दुसऱ्याच्या एका खाचेत धातूचा कठीण थेंब चिकटला होता, ज्वारीच्या दाण्याहून लहान. साहेबांनीच गेल्या महिन्यात हौसेने झाकणाला नवीन जाळी वेल्डिंग करून बसवली होती, त्या वेळी उडालेला. एकटा फुगवटा चालून जात होता, एकटा थेंबही चालून जात होता. दोघांची गाठ पडली की चाक अडखळायचं आणि आकडा सरकायचा.

साहेबांनी कागदाची घडी घातली. "ठीक आहे. यंत्राची चूक. मी हे फाडून टाकतो, विषय संपला. बाई, तुम्ही तुमच्या जागेवर बसा."

"यंत्राला नावं ठेवू नका," मावशी म्हणाली. "ते बिचारं बावीस हजार चारशे अठ्ठ्याण्णव वेळा नीट चालतं आणि मग एकदा अडखळतं. तुम्ही शंभरावर थांबलात. ह्या भाऊंनी तर मोजलंच नाही. आणि चूक लिहिलीत माझ्या नावावर. फाडायचं नाही ते. बुधवारी ह्याच सगळ्यांपुढे वाचलंत ना? आता दुसरा कागद लिहा, आणि तोही ह्यांच्यापुढेच वाचा."

"बाई, आता तुम्ही अति करताय."

"करतेय. लिहा."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. वीस-बावीस माणसं उभी होती आणि एकही जण आपल्या जागेवर परत जात नव्हता. फोरमनने आपल्या खिशातलं पेन काढलं आणि पुढे केलं, साहेबांच्या हातात पेन असतानाही. मग साहेबांनी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, यंत्राच्या झाकणावर टेकून, चार ओळी लिहिल्या. तिकिटं खराब होण्यात ह्या बाईंचा काहीही दोष नाही, बुधवारी मी जे वाचलं ते खोटं होतं आणि ते मी न तपासता वाचलं, असं लिहिलं, खाली आपली सही केली, आणि वाचलं. पण इतकं पुटपुटत वाचलं की यंत्राजवळच्या चौघांपलीकडे कुणाला काही कळलं नाही.

मावशीने पाठीमागचे हात सोडले आणि पुढे आली.

"मागच्यांना ऐकू नाही गेलं," ती म्हणाली. "पुन्हा वाचा."

आणि साहेबांनी पुन्हा वाचलं.